माणसं मोजून पाणी

१

मी अकरम, देऊळघाटचा. गाडी चालवणं हा माहा धंदा अन् बोलणं ही माही खोड. घरी आम्ही आमची हिंदी-उर्दू बोलतो, पण ही गोठ मी बाहेर, मराठीतच सांगतो. घरी बायको अर्ध्यातूनच उठून जाते.

साल दोन हजार सात. मे महिना. बियाण्याच्या एका कंपनीची प्रचाराची गाडी माह्याकडं होती. जुनी मॅटाडोर. वर दोन भोंगे. आत एका बाजूनं बीटी कपाशीच्या बॅगा रचलेल्या, दुसऱ्या बाजूनं फळीचा पलंग, स्टो, पाण्याचा ड्रम. पुढच्या सीटमागं पडदा. पंधरा-पंधरा दिवस आम्ही त्या गाडीतच रांधो, तिच्यातच राहो. आम्ही म्हणजे दोघंच. मी अन् शेखर. शेखर कंपनीचा माणूस, बुलडाण्याचा, केसाले जेल लावणारा. तो गाडीले फिरता बंगला म्हणे. मे महिन्याची एक दुपार त्या पत्र्याखाली एकट्यानं काढली असती ना, तं त्याचा बंगला तिथंच उतरला असता.

गाडीच्या कुशीवर एक मोठा फ्लेक्स होता. छातीएवढ्या कपाशीच्या पऱ्हाटीत उभा असलेला शेतकरी, नवा निळा शर्ट, एक हात बोंडावर. खाली लिहिलेलं: 'प्रगतिशील शेतकरी श्री. कडूबा. एकरी अठरा क्विंटल!'

ते अठरा क्विंटल कुठले, मले माहीत होतं. कडूबा धरणाकाठच्या एका लहान्या गावचा, त्याचं वावर कोरडवाहू. फोटूसाठी त्याले शेखरनं दुसऱ्याच माणसाच्या ओलिताच्या वावरात उभा केला. त्याचा सदरा विटलेला होता म्हणून मी माह्या अंगातला निळा शर्ट काढून त्याले घातला. उजव्या बाहीची गुंडी माह्या बायकोनं, मुबीनानं, लाल दोऱ्यानं टाकलेली. फोटूत ती लाल गाठ साफ दिसे. फोटू झाला, शर्ट मी वापस घेतला. कडूबा बिचारा हसला अन् म्हणे, "आता मले तुमच्या गाडीसंगंच फिरा लागते का?"

आम्ही भी हसलो.

आणखी एक सांगून ठेवतो. आमच्या भागात दारी गाडी आली का बाई आधी बाहेर डोकावून माणसं मोजते, मंग आत जाऊन तेवढेच गिलास भरते. एकाले पाणी अन् एकाले नाही, असं होत नाही. या मोजण्यात बायका चुकत नाहीत.

२

आता पाप सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजत नाही.

बीटीच्या बॅगेत एक बारकी पुडी निघे. तिच्यात साधं बियाणं. कंपनीचा नियम असा का वावराच्या चारी बाजूनं पाच-पाच तास, म्हणजे ओळी, त्या साध्या बियाण्याच्या लावायच्या. ते अळीचं. तिनं तिथं खावं, म्हणजे मधातल्या बीटीची तिले सवय होत नाही. पण अळीसाठी कोण पेरते? लोकं गाडीपाशीच बॅग फोडत, पुडी काढत अन् आमच्याच पायापाशी फेकत. "हे तुमच्या अळीले द्या," म्हणत अन् हसत.

त्या पुड्या शेखर गोळा करे. त्यानं त्यातलं बियाणं बीटीसारखं दिसावं म्हणून गुलाबी रंगात घोळलं, रिकाम्या बॅगा मिळवल्या, त्यात ते भरलं अन् बॅगांची तोंडं गरम इस्त्रीनं चिकटवली. खरी बॅग अन् ही बॅग शेजारी ठेवली तं कोणाच्या बापाले ओळखू येणार नाही. मले ये. इस्त्रीच्या जागी प्लास्टिक जरासं चुरगळलेलं राहे. मले ओळखू ये, कारण इस्त्री मीच धरली होती.

कडूबाले फोटूचं इनाम म्हणून दोन बॅगा दिल्या, त्या याच्यातल्याच. खऱ्या कशाले वाया घालवा, असं शेखर म्हणे. मी काही म्हटलं नाही.

त्या मे महिन्यात गाडीत साठ बॅगा होत्या, अर्ध्याअधिक इस्त्रीच्या. अन् त्यातल्या दोन बॅगा मले माह्या भावाले द्यायच्या होत्या. गुलाम रसूल, माहा मोठा भाऊ, रोहिणखेडले राहे. अब्बा गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मले त्यानं वाढवलं, त्यानंच स्टेअरिंग हातात दिलं. तीन एकर वावर त्याचं. दरसाल म्हणे, "दुकानदारावर माहा भरोसा नाही. तू देशील तेच मी पेरीन."

मी दोन खऱ्या बॅगा निवडल्या. घरून मुबीनाच्या रिळातला लाल दोरा तोडून आणला होता, वीतभर लांबीचे दोनच तुकडे. एकेका बॅगेच्या कानाले एकेक बांधला, अन् दोन्ही बॅगा पलंगाखाली ढकलल्या.

बाकी जगाचं काही होवो, भाईजानच्या वावरात खोटं बियाणं जाऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. फसवणाऱ्यालेही आपलं घर असते ना बाप्पा.

३

त्या दिवशी सकाळीच राजूर घाट उतरलो. घाटाखाली उन्हाची भट्टी. दहा वाजताच स्टेअरिंगले हात लागेना. शेखर खिडकीले ओला टॉवेल लावून बसला. पहिल्या गावात पाराजवळ गाडी उभी केली, भोंगा लावला. समोरच्या घरातून एक बाई डोकावली, आत गेली, अन् ताटलीत तीन गिलास घेऊन आली.

मी एक घेतला, शेखरनं एक. ती उभीच.

"आम्ही दोघंच आहो, ताई," मी म्हटलं.

"अन् मागं बसलेले?"

"मागं बियाणं आहे."

ती माह्याकडं पाहतच राह्यली. मंग तिनं तिसरा गिलास मागच्या दाराच्या पायरीवर ठेवला. "गर्मीत माणसाले असं कोंडू नये, भाऊ," म्हणे, अन् गेली.

उन्हात डोळे दिपतात, एखाद्यीले पडद्याची सावली माणूस वाटू शकते. असं मी मनाशी म्हटलं. निघताना गिलास उचलायले मागं गेलो. गिलास रिकामा होता. कुत्र्यानं पाणी पेलं असतं तं गिलास उपडा झाला असता, हा सरळ उभा होता. उन्हानं आटलं म्हणावं, तं पाच मिनिटात गिलासभर पाणी आटत नाही, मे असला तरी.

मी शेखरकडं पाह्यलं. तो मोबाईलात गुंग. मले पहिली शंका त्याचीच आली. या पट्ठ्यानं कोणीतरी मागं लपवला, बॅगा रस्त्यात उतरवून परस्पर विकायले. मी झटक्यानं मागचं दार उघडलं. कोणी नव्हतं. पलंगाची चादर तेवढी मधात दबलेली होती.

४

दुसऱ्या गावात किराण्याच्या दुकानापुढं थांबलो. दुकान कोकिळाबाईचं. पन्नाशीची बाई, तोंडाची फटकळ, माह्या ओळखीची. तिनं भी तीन गिलास आणले. यावेळी मी हुशारीनं विचारलं, "कोकिळाबाई, तुमाले कितीजण दिसून राह्यले आम्ही?"

"काऊन, ऊन लागलं का तुमाले? तिघं."

"तिसरा कसा आहे?"

तिनं फ्लेक्सकडं हनुवटी केली. "हाच की. फोटूतलाच माणूस संगं घेतला, बरं केलं. आता लोकं खरं तरी मानतीन. पण काय हो, त्याले काही खाऊ-पिऊ घालता का नाही? फोटूत कसा भरलेला दिसते."

शेखरनं भरला गिलास न पिताच खाली ठेवला. मी ते पाह्यलं. अन् मले वाटलं, सापडला! याले माहीत आहे.

गाडी चालू केल्यावर तोच उलटा माह्यावर आला. "अकरमभाई, सरळ सांगा. कडूबाला तुम्ही गाडीत घेतला ना? मला धमकवायला?"

"मी? अबे, तूच कोणाले तरी लपवून ठेवला!"

"मी कशाला लपवू?"

"अन् मी कशाले?"

शेखर खोटं बोलताना नेहमी हसे. तेव्हा तो हसला नाही, अन् हेच मले आवडलं नाही.

पुढं एका बाभळीखाली गाडी लावून मी मागं चढलो. पलंगाखालून भाईजानच्या बॅगा ओढल्या. एकीले दोरा होता. दुसरीचा सुटलेला. मंग रचलेल्या बॅगांवर नजर गेली. वरून तिसऱ्या बॅगेच्या कानाले लाल दोरा, नीट दोन गाठी मारलेला. त्या बॅगेचं तोंड चुरगळलेलं. इस्त्रीचं.

मी दोरा सोडला, खऱ्या बॅगेले वापस बांधला, तीन गाठी मारल्या. शेखरले काही सांगितलं नाही. त्याच्यावर नजर ठेवायची, असं ठरवलं.

५

कडूबाचं गाव शेखरनं यादीतून खोडलं होतं. पण धरणाच्या काठाकाठानं जाणारा रस्ता त्या गावातूनच जाते. अन् तिथंच, बरोबर गावाच्या तोंडाशी, रेडिएटरमधून वाफ निघाली. तीन वर्षं ती गाडी माह्या हातात, असं कधी झालं नव्हतं.

"पाच मिनिटं. पाणी टाकू अन् निघू," मी म्हटलं.

शेखरनं काच वर घेतली. त्या उन्हात काच वर!

पहिल्याच घरी पाणी मागायले गेलो. दार उघडलं ते कडूबाच्या बायकोनं. अन्नपूर्णाबाई. फोटूच्या दिवशी एकदा पाह्यली होती. मले वाटलं आता शिव्या खाव्या लागतीन. पण बाईनं माह्यामागच्या गाडीकडं पाह्यलं, अन् तिचा चेहरा खुलला.

"आले का तुम्ही? लय वाट पाहायले लावली. यायले उतरवा ना खाली, का गाडीतच बसून राहतीन?"

मी विचारलं, "कोणाले?"

"कोणाले म्हणजे? तुमच्याचसंगं तं आहेत ना पेरणीपासून. मले म्हणे, माहा फोटू गाडीवर आहे, आता गाडीसंगं जा लागते. कंपनीचं काम म्हणे. गेले. तवापासून एकदा भी आले नाहीत. पऱ्हाटीत अळ्या पडल्या, बोंडंच्या बोंडं सडली, तवा भी नाही. मीच उपटली समदी. सांगजा त्यायले, मी रागावली नाही म्हणा."

मी मागल्या पेरणीपासून रोज ती गाडी चालवत होतो. कडूबाले मी फोटूच्या दिवसानंतर पाह्यलंच नव्हतं. हे मी तिले सांगायले पाहिजे होतं. तोंड उघडलं भी. पण मंग बॅगांचं सांगा लागलं असतं, इस्त्रीचं सांगा लागलं असतं. मी तोंड मिटलं.

ती आत गेली अन् हिरव्या फडक्यात बांधलेली शिदोरी घेऊन आली. ऊन-ऊन भाकर, ठेचा. "आता उतरत नसतीन तं राहू द्या. हे तेवढं त्यायले द्या. सांगा, निगुतीनं खा म्हणा."

मी ती शिदोरी घेतली. काय करतो? रेडिएटरमध्ये पाणी टाकलं, शिदोरी मागं पलंगावर ठेवली अन् दार लावलं. कडी मी माह्या हातानं घातली, कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. आता शेखर असो का कोणी असो, माह्या नकळत मागं जाऊ शकत नव्हता. पडद्यातून जायचं तं माह्या खांद्यावरून जा लागलं असतं.

६

धरण आटलेलं होतं. काठानं फर्लांगभर भेगाळलेला गाळ, अन् लांब मधात पाण्याची चमक. रस्त्यावर माणूस नाही, ढोर नाही. भर दुपारचे अडीच.

इंजिनच्या आवाजात मले दुसरा आवाज ऐकू आला. सुपातून सुपात सरकी ओतल्यासारखा. थांबे, पुन्हा ये. मी गाडी हळू केली. आवाज हळू झाला नाही.

"ऐकू आलं का?" मी विचारलं.

"नाही," शेखर म्हणाला. मी काय ऐकू आलं ते सांगितलंच नव्हतं.

"मंग कान कशाले झाकले?"

त्यानं कानावरचे हात खाली घेतले. त्याच्या डोळ्यात पाणी होतं. "अकरमभाई, मागं पाहू नका. मी कोकिळाबाईच्या गावापासून पाहत नाहीये. तुम्ही पण पाहू नका."

मी तापट माणूस. पाहू नको म्हटलं का पाहीनच. मान वळवली नाही, आतला आरसा तेवढा वळवला. पडदा हवेनं एका अंगाले सरकला होता. आरशात पलंगाची कड दिसली. बॅगा दिसल्या. अन् एक बाही दिसली. निळी. मनगटापाशी गुंडी, लाल दोऱ्यानं टाकलेली. बाहीतून निघालेला हात गुलाबी होता, बियाण्याच्या रंगानं मनगटापर्यंत रंगलेला. तो हात एका बॅगेच्या कानाले गाठ मारत होता. घाई नाही, काही नाही. बाई दिव्याची वात वळते, तसा निवांत.

पडदा वापस आला. मी आरसा छताकडं वळवला.

तो निळा शर्ट त्या वेळी देऊळघाटले माह्या घरी, पेटीत होता. मी स्वतः ठेवला होता. आपण उन्हात आहो, सकाळपासून पोटात काही नाही, डोळ्यापुढं काहीही येऊ शकते. मी हे मनात घोकत गाडी चालवली, अन् पाय एक्सलेटरवरून काढला नाही.

७

रोहिणखेडले पोचलो तवा चार वाजले होते. भाईजान दारातच उभा. पासष्टीचा माणूस, पण मले पाह्यलं का पोरासारखा करे. सरवरी भाभी बाहेर डोकावली, आत गेली, अन् पाणी घेऊन आली. तीन गिलास. भाईजानले तिनं त्याच्या तांब्यात दिलं.

भाईजानची एक सवय होती. पाणी कितीही तहानेचं असो, शेवटचा घोट तो ठेवे, अन् दारातल्या मेंदीच्या झाडाले टाके. त्या दिवशी भी टाकला. मले रडू येऊन राह्यलं होतं, काऊन ते समजेना.

"आणल्या का माह्या बॅगा?" तो म्हणाला.

मी मागचं कुलूप उघडलं. आत गरम हवेचा लोट. पलंगावर हिरवं फडकं, घडी घालून ठेवलेलं. आत भाकर नाही, चुरा भी नाही.

अन् बॅगा. साठच्या साठ बॅगांच्या कानाले लाल दोरा. मी दोन तुकडे आणले होते, दोन. पलंगाखालच्या दोन बॅगा तिथं नव्हत्या, कुठंतरी रचल्यात मिसळल्या होत्या. मी गुडघ्यावर बसून तोंडं तपासली. दिवसभराच्या तापानं प्लास्टिक सैल झालेलं, समद्या बॅगांची तोंडं चुरगळलेली. खरं कोणतं, खोटं कोणतं, इस्त्री धरणाऱ्यालेच ओळखता येईना.

बाहेर शेखरचा आवाज आला. सावलीत येऊन त्याले जरा धीर आला असावा. "चाचा, तुमचा एक फोटो काढू का? हा फ्लेक्स बदलायचा आहे. चेहरा बदलला की कटकट मिटेल."

त्याची युक्ती मले समजली. कडूबाले गाडीवरून उतरवायचं अन् त्याच्या जागी दुसरा लावायचा. मी उडी मारून खाली यायले पाहिजे होतं. त्याच्या हातातला कॅमेरा हिसकायले पाहिजे होता. पण माह्या हातात बॅगा होत्या अन् डोक्यात एकच, भाईजानले काय सांगू? बियाणं खोटं आहे म्हणू? मंग तुले कसं माहीत, असं तो विचारीन. ज्या माणसानं मले वाढवलं त्याच्यापुढं मी चोर ठरीन.

"अकरम, काढू का रे फोटू?" भाईजाननं खालून विचारलं. टोपी नीट करून राह्यला होता. "गाडीवर लागीन म्हणते हा. साऱ्या तालुक्यात फिरीन मी तुह्यासंगं."

"काढ," मी म्हटलं.

हे मीच म्हटलं. शेखरनं नाही, दुसऱ्या कोणी नाही.

मी वरच्यावर हाताले आल्या त्या दोन बॅगा उचलल्या अन् त्याच्या हातात दिल्या. "याच ना?" त्यानं विचारलं. "याच," मी म्हटलं. त्यानं दोऱ्यावर बोट फिरवलं अन् सरवरी भाभीले म्हणे, "पाह्य, निशाणी करून आणल्या पोरानं."

८

पाच वाजून गेले तरी ऊन उतरलं नव्हतं. पुढचं गाव सहा-सात किलोमीटर. तिथं आम्ही भोंगा लावलाच नाही, फक्त चहाच्या टपरीपाशी थांबलो. टपरी आशाबाईची. तिनं आमच्याकडं पाह्यलं, गाडीकडं पाह्यलं, बोटं दुमडून माणसं मोजली.

मी तिच्या हाताकडंच पाहत होतो. देवा, तीनच भर. आज तीन दिसले तरी मी पाया पडतो.

तिनं चार गिलास भरले.

शेखरनं आपली पिशवी उचलली अन् रस्त्याच्या पलीकडं जाऊन बसची वाट पाहत उभा राह्यला. पुन्हा तो मले कधी भेटला नाही.

मी गाडी वळवली. किती जोरात हाणली ते मले आठवत नाही. मनात एकच होतं, बॅगा वापस घ्यायच्या, पाय धरायचे, समदं सांगून टाकायचं. मारू दे, हाकलू दे, तोंड पाहू नको म्हणू दे. मागं पडद्याआड कोणीतरी खाकरलं. भाईजान सकाळी उठल्यावर खाकरे तसं. मी मोठ्यानं कलमा म्हणत राह्यलो.

दारात सरवरी भाभी मेंदीपाशी उभी होती. एकटी.

"भाभी, भाईजान कुठं आहे?"

तिनं माह्याकडं पाह्यलं, मंग माह्यामागं गाडीकडं, अन् हसली.

"मस्करी करून राह्यला का रे? तुमच्याचसंगं तं गेले. मी म्हटलं, चहा तरी घेऊन जा. तं म्हणे, फोटू काढला आता, गाडीसंगं जा लागते." तिनं पदराखालून डबा काढला. "बरं झालं वापस आला. हे घेऊन जा, दुपारी जेवले नाहीत ते."

९

भाईजानले दिलेल्या दोन्ही बॅगा भाभीकडून वापस घेऊन मी त्याच संध्याकाळी धरणाच्या गाळात पुरल्या. बाकीच्या भी. हरवल्याची खबर दिली, दवाखाने पाह्यले, नातेवाईक पाह्यले, शेगावच्या टेशनावर चार दिवस बसून येणारी-जाणारी माणसं पाह्यली. भाभीले समदं सांगितलं, इस्त्रीसुद्धा. तिनं ऐकून घेतलं अन् म्हणे, ते यायचे तवा येतीन, तू गाडी नीट चालव.

कंपनी त्या वर्षी गुंडाळली. मॅटाडोर भंगारात जाणार होती, मी ती घेतली. मुबीना म्हणे, विकून टाक, जाळून टाक. कशी विकू? त्यात माहा भाऊ आहे. कोण्या परक्याच्या हाती देऊ काय त्याले?

फ्लेक्स मी काढून टाकला. काही फरक पडला नाही.

आता मी भाजीपाला नेतो, बाजाराच्या दिवशी माणसं नेतो. पुढच्या सीटवर बसवतो, मागं कोणाले बसू देत नाही. दोन महिन्यातून एकदा अन्नपूर्णाबाईच्या दारी जातो, ती शिदोरी देते. रोहिणखेडले जातो, भाभी डबा देते. दोघी विचारतात, बरे आहेत ना? मी म्हणतो, हो, बरे आहेत. फडकं घडी होऊन येते, डबा घासलेला येते.

अन् दरदिवशी दुपारी कुठं सावली पाहून मी गाडी उभी करतो. मागच्या पायरीवर दोन गिलास पाणी ठेवतो, अन् पाठमोरा होऊन बसतो. काही वेळानं उठतो. एक गिलास कोरडा ठण्ण असते. दुसऱ्यात बुडाशी एक घोट राह्यलेला असते.

जवळ मेंदीचं झाड नसलं तं मी तो घोट कोणत्याही झाडाले टाकतो.